‘च’ आधी, ठळक नंतर

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात एक कथा छापून आली. बायको बॅग भरून दारात उभी आहे आणि नवऱ्याला शेवटचं काय ते सांगते आहे, अशी कथेतली मोक्याची जागा. छापलेलं वाक्य असं होतं : “मी आता परत येणार नाही (‘नाही’ ठळक घ्यावे).” सगळ्या कथेचा भार ज्या एका शब्दावर होता, त्याच्या शेजारी हा कंस येऊन बसला होता. लेखकाने फोन केला तो मला, कारण त्या अंकाची शेवटची प्रुफं मी वाचली होती. काय सांगणार? कंसातला मजकूर शुद्धलेखनाच्या दृष्टीने बिनचूक होता, त्यामुळे नजर त्यावरून सरळ घसरून गेली.

चूक कोणाची, यावर तेव्हा बराच काथ्याकूट झाला. लेखकाने सूचना कथेच्या मजकुरातच, त्याच अक्षरात लिहिली होती. डीटीपी करणाऱ्याने फाइलमध्ये दिसलं ते पानात ओतलं. गणपतीनंतरच्या धबडग्यात त्याने कथा समजून घेत बसावं, ही अपेक्षा गैर. आणि मी अक्षरं वाचली, वाक्य वाचलं नाही. खरी गोष्ट अशी की तिघांमध्ये ठरलेली एकही खूण नव्हती. कथा पाठवायची तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, पानांना क्रमांक घाला, हे आपल्याकडे सगळे सांगतात. एखाद्या शब्दावर जोर हवा असेल तर तो हस्तलिखितात दाखवायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

इंग्रजी कथालेखकांची या बाबतीत चंगळ आहे. त्यांच्याकडे ही खूण टाइपरायटरच्या जमान्यातच पक्की झाली. यंत्रावर एकच ठसा; तिरपी अक्षरं काढायची सोय नाही. म्हणून लेखक त्या शब्दाखाली रेघ मारायचा आणि ती रेघ पाहिली की छापखान्यातला जुळारी तिरप्या खिळ्यांच्या खणाकडे हात न्यायचा. प्रुफं तपासण्याच्या इंग्रजी पद्धतीत ही भाषा फारच नेमकी आहे. शब्दाखाली एक सरळ रेघ म्हणजे तिरपा ठसा, दोन रेघा म्हणजे लहान आकाराची कॅपिटल अक्षरं, तीन म्हणजे पूर्ण कॅपिटल आणि नागमोडी रेघ म्हणजे ठळक. तेव्हा हस्तलिखितातली अधोरेखा ही मुळात वाचकासाठी नव्हतीच. तो छापखान्याला दिलेला हुकूम होता आणि छापलेल्या पुस्तकात तो दिसायचा नाही.

संगणक आल्यावर तिरपी अक्षरं कळ दाबली की मिळू लागली, तरी कित्येक अमेरिकन मासिकं, विशेषतः विज्ञानकथेची, पुढेही बरीच वर्षं रेघच मागत राहिली. विल्यम शन या अमेरिकन विज्ञानकथालेखकाने हस्तलिखित कसं दिसावं याचा एक नमुना तयार केला आहे आणि तिकडची अनेक मासिकं ‘त्याप्रमाणे पाठवा’ एवढंच सांगून मोकळी होतात. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा कुरियर टाइप, बारा पॉइंटांचा आकार, दोन ओळींत दुप्पट अंतर, चारही बाजूंना इंचभर समास. कुरियरमध्ये तिरपं अक्षर सरळ अक्षराहून फार वेगळं दिसत नाही आणि दिवसाकाठी ढीगभर कथा चाळणाऱ्या संपादकाच्या नजरेतून ते सहज निसटतं. रेघ निसटत नाही. आता बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतं. चालत नाही ती सरमिसळ : एका पानावर रेघ, दुसऱ्यावर तिरपं, तिसऱ्यावर ठळक. आणि साध्या ईमेलच्या मजकुरात, जिथे ठसा बदलताच येत नाही, तिथे शब्दाच्या मागेपुढे तळरेघेचं चिन्ह टाकायचं, _असं_.

या तिरप्या ठशाचा जन्म मात्र जोर देण्यासाठी झालेला नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने 1501 साली व्हर्जिलच्या कविता हातात मावतील अशा छोट्या आकारात छापल्या, त्या सबंध तिरप्या अक्षरात. फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने तो ठसा तेव्हाच्या विद्वानांच्या झरझर लिहिण्याच्या वळणावरून कोरला होता. सरळ मजकुरात एखादाच शब्द तिरपा करण्याची रीत नंतरची. आणि गंमत पाहा, इंग्रजीतल्या किंग जेम्स बायबलच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये तिरपे छापलेले शब्द हे मुळात नसलेले, अनुवादकांनी अर्थ लागावा म्हणून पदरचे घातलेले शब्द आहेत. आज एखादा वाचक नेमके तेच शब्द आवाज चढवून वाचत असेल तर त्यात त्याचा काय दोष?

आपल्याकडे हा ठसा आलाच नाही, त्याची कारणं भाषेत शोधण्याआधी छापखान्यात शोधावी लागतात. इंग्रजीचा एक पूर्ण संच म्हणजे लहानमोठी मिळून बावन्न अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं. देवनागरीचे काने, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मोजायला लागलं की खिळ्यांचा आकडा काही शेकड्यांवर जातो. जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या नामांकित छापखान्याचा लौकिक होता तो हे सगळे खिळे सुबक पाडण्याचा. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी कशी होईल, यासाठी बराच खटाटोप केला होता. जिथे एक सरळ संच सांभाळताना छापखानेवाल्याच्या नाकी नऊ येत, तिथे अधूनमधून लागणाऱ्या तिरप्या शब्दांसाठी तेवढाच दुसरा संच कोण पाडून घेणार? मथळ्यांसाठी काळा टाइप लागायचाच, तो होता. त्यामुळे मराठीत जोर म्हणजे काळा टाइप, हे समीकरण सोयीतून तयार झालं.

संगणकाने ही अडचण दूर केली असं वाटतं, पण ती नुसती झाकली आहे. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. त्याला तिरपं रूप नाही. तरीही वर्डमध्ये तिरप्याचं बटण दाबलं की अक्षरं तिरपी होतात, ती कशी? यंत्र सरळ अक्षराला कडेने ढकलून देतं, इतकंच. इंग्रजी तिरपं अक्षर वेगळं रेखाटलेलं असतं. हे आपलं अक्षर कलंडलेलं असतं. ‘मंदिरांत’ हा शब्द तिरपा करून बघा. शिरोरेषा आडवीच राहते, तिच्याखालचे काने मात्र वाऱ्याने वाकलेल्या ज्वारीच्या ताटांसारखे एका बाजूला झुकतात आणि वरचे अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या हद्दीत जातात. बारीक टाइपात, दिवाळी अंकाच्या कागदावर, ते वाचताना डोळ्यांना त्रास होतो. एखादी ओळ खपते. पण पाच पानांचं स्वप्न किंवा नायकाची सगळी रोजनिशी अशी छापली तर वाचक ती पानं उलटून पुढे जातो, हे मी स्वतःवरून सांगतो.

रेघ मारावी तर तिची वेगळीच तऱ्हा. इंग्रजीत ओळीखाली उतरणारी अक्षरं मोजकी. आपल्याकडे ओळीखाली सगळा संसार मांडलेला : ऱ्हस्व-दीर्घ उकार, ऋकार, ट्र-ड्रमधला र, मोडलेले पाय. ‘कुठून’ या तीन अक्षरांच्या शब्दाखाली रेघ मारली की ती दोन उकारांच्या पोटातून जाते आणि पहिला कोणता, दुसरा कोणता, हे शब्द आधीच ओळखीचा असेल तरच कळतं. वर शिरोरेषा, खाली अधोरेषा, मधे अक्षरं कोंडलेली. शब्द रेल्वेच्या रुळांमध्ये सापडल्यासारखा दिसतो. हाताने लिहिलेल्या कागदावर रेघ जरा खाली सोडून मारता येते, म्हणून तिथे ती चालते. छापील पानात नको.

तिसरा मार्ग जर्मनांचा होता. त्यांच्या जुन्या फ्राक्टुर लिपीलाही तिरपा ठसा नव्हता, म्हणून ते ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याची अक्षरं एकमेकांपासून विरळ करून छापत. रशियनमध्येही ही रीत होती. जपानी लोक उभ्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराच्या कडेला एकेक ठिपका देतात, तो फार देखणा दिसतो. देवनागरीत अक्षरं विरळ केली की शिरोरेषा तुटते आणि शिरोरेषा तुटली की आपल्या डोळ्याला शब्दच तुटल्यासारखा वाटतो. म्हणजे हाही मार्ग बंद.

छपाई येण्याच्या आधी आपल्याकडे यापेक्षा बरी सोय होती, असं पोथ्या पाहताना वाटतं. अध्यायाची समाप्ती, ‘उवाच’सारखे शब्द, श्लोकांचे आकडे लाल शाईने लिहीत, किंवा काळ्या अक्षरांवरून गेरूचा हलका हात फिरवीत. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती बुजवीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथलाच. समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे आणि अक्षर, ओळी, समास कसे राखावेत ते बारकाईने सांगितलं आहे. एकरंगी छपाई आली आणि लाल रंग गेला. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हं मराठीत आणली, त्यांवरचं त्यांचं पुस्तक 1850 सालचं. स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह आपण घेतली आणि पचवलीही. तिरपा ठसा मात्र दाराबाहेर राहिला, आणि माझ्या मते त्याने आपलं काही फारसं अडलं नाही.

कारण मराठीत जोराचं काम करणारं एक अक्षर आहे. ‘च’. व्याकरणात त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, ‘ही’, ‘देखील’, ‘मात्र’ यांच्या पंक्तीतलं. एक साधं वाक्य घ्या : मी उद्या सकाळी आईला सांगणार आहे. ‘मीच उद्या सकाळी आईला सांगणार आहे’ म्हटलं की दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. ‘उद्याच’ म्हटलं की परवावर ढकलायचं नाही. ‘सकाळीच’ म्हणजे संध्याकाळपर्यंत थांबणं नाही. ‘आईलाच’ म्हणजे बाबांना कळता कामा नये. आणि ‘सांगणारच आहे’ म्हटलं की समजावं, आता कोणी अडवून उपयोग नाही. पाच जागा, पाच भांडणं. हेच वाक्य इंग्रजीत लिहिणाऱ्याने बोलण्यातला हेल पानावर आणायचा तर बहुतेकदा शब्द तेच ठेवून पाच वेळा वेगवेगळा शब्द तिरपा करावा. आपण तो हेल अक्षरात लिहितो. कथा मोठ्याने वाचली, ब्रेलमध्ये उतरवली, कोणत्याही फाँटात ओतली, तरी हा जोर गळून पडत नाही.

इंग्रजी कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद तपासताना मी म्हणूनच एक चाळा करतो : मुळात जिथे शब्द तिरपा आहे तिथे अनुवादकाने काय केलंय ते बघतो. कच्चा अनुवादक मराठी शब्दही तिरपा करून ठेवतो. मुरलेला ‘च’ लावतो, ‘तर’ घालतो, किंवा शब्दांचा क्रम फिरवतो. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ आणि ‘पैसे नाही दिले मी त्याला’ या दोन वाक्यांत एकही खूण नाही, तरी दुसऱ्यात आवाज चढलेला ऐकू येतो. शिवाय आपल्याकडे अवग्रह आहे. संस्कृतात तो लोप दाखवायचा, मराठी कथाकारांनी त्याला लांबवलेल्या सुराच्या कामाला लावलं. ‘काय’ आणि ‘काऽऽय’ यांत किती अंतर आहे, हे सासूच्या तोंडून ऐकलेल्याला सांगायला नको.

पण ‘च’ म्हणजे रामबाण नव्हे. एक तर त्याची सवय लागते. ‘तोच’, ‘तिथेच’, ‘त्याच क्षणी’, ‘अगदीच’ असे एका परिच्छेदात आठ ‘च’ आले की सुतार शेजारी खिळे ठोकत बसल्यासारखं वाटतं. दुसरं, प्रश्नात तो नीट बसत नाही. “तू काय म्हणालास?” या प्रश्नात जोर ‘काय’वर असेल तर शब्द ऐकू आले नाहीत असा अर्थ, ‘तू’वर असेल तर बाकीच्यांनी काहीही म्हणो, तू कोणत्या बाजूचा ते सांग, असा अर्थ. इथे ‘तूच’ करून चालत नाही, अर्थ भलतीकडे जातो. मग लेखकाने काय करावं? एक, ‘तू’ ठळक करावं. दोन, “बाकीच्यांचं जाऊ दे. तू काय म्हणालास?” असं लिहावं. मला दुसरं आवडतं, कारण त्यात बोलणारीचा स्वभावही थोडा कळतो. ठळक शब्द डोळ्यांना पान उलटताक्षणी दिसतो, वाचक तिथवर पोचण्याआधीच. ज्या ‘नाही’पाशी कथा उलटणार आहे, तो डावीकडचं पान वाचत असतानाच उजवीकडून दिसत असेल, तर त्या ‘नाही’त काय राम राहिला?

तरीही काही जागा अशा येतात की ठसा बदलणं भागच असतं. कथेतली पत्रं, तार, दुकानावरची पाटी, वर्तमानपत्रातली बातमी. तिथे जोर द्यायचा नसतो. हा मजकूर वेगळ्या हातचा आहे एवढं दाखवायचं असतं. त्यासाठी मागेपुढे एक ओळ मोकळी सोडून दोन्हीकडून समास थोडा वाढवला की भागतं. मनातले विचार एकेरी अवतरणात, बोलणं दुहेरीत, ही जुनी वहिवाट उत्तम आहे. एकेरी अवतरणाचा दुसरा उपयोग, म्हणजे ‘समाजसेवक’ असं लिहून डोळा मिचकावणं, तो मात्र आवरावा. वाचकाला उपरोध कळतो. आणि कथेत आलेले इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्यावर त्यांना वेगळं करण्याचं काहीच कारण नाही. ‘टेबल’ला अवतरणात घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मग ‘लॅपटॉप’ला का घालावं?

आता राहिला फाइलचा प्रवास. लेखक युनिकोडमध्ये लिहितो. अनेक ठिकाणी पानं अजूनही युनिकोडच्या आधीच्या फाँटांत लावली जातात. त्या जुन्या फाँटांची युक्ती अशी की यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या जागी चित्रं देवनागरीची बसवलेली. त्यामुळे मजकूर आधी रूपांतर करून घ्यावा लागतो आणि त्या गाळणीतून बहुधा नुसती अक्षरं खाली उतरतात. ठळक, तिरपं, पिवळा हायलाइट, लाल रंग, सगळं वर राहतं. लेखकाच्या पडद्यावर जी कथा सजून बसली होती ती ऑपरेटरकडे पोचते तेव्हा अंगावर एक दागिना नसतो आणि तिथे दागिने होते, हे त्याला माहीतही नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून कथा पाठवणाऱ्यांची कहाणी उलटी. तिथे शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाकल्या की तो ठळक दिसतो. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की ठळकपणा जातो आणि तारका मात्र मागे राहतात, कधी कधी छापील पानापर्यंत.

म्हणून ही खूण अक्षराच्याच रूपात द्यावी, ती कथेत दुसऱ्या कोणत्या कामासाठी वापरलेली नसावी, आणि ती काय आहे हे कथेच्या बाहेर सांगावं. मी स्वतः चौकटी कंस वापरतो : मी आता परत येणार [[नाही]]. असे जोडकंस मराठी कथेत एरवी येत नाहीत, त्यामुळे ऑपरेटरला ते शोधून बदलता येतात आणि एखादा राहून गेला तरी प्रुफं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना टोचतो. हाताने लिहिलेली प्रत असेल तर शब्दाखाली नागमोडी रेघ आणि समासात ‘ठळक’, तेही गोल करून, म्हणजे तो शब्द कथेतला नाही हे कळेल. कंसात सूचना लिहू नये, हे पुन्हा सांगायला हवं का? शिवाय सगळ्या कथेची एक पीडीएफ सोबत जोडावी. ती छापण्यासाठी नव्हे. आपल्या डोळ्यांपुढे पान कसं होतं ते शंका आल्यावर दाखवायला तिचा उपयोग होतो.

आणि पाठवताना संपादकांच्या नावाने जे चार ओळींचं पत्र लिहाल त्यात एक ओळ वाढवा : ‘कथेत ठळक करायचे शब्द एकूण तीन आहेत, पान 4, 9 आणि 11 वर, जोडकंसात दाखवले आहेत.’ आकडा जरूर लिहा. आकडा दिला की प्रुफं वाचणारा तिन्ही शब्द सापडेपर्यंत पान सोडत नाही. आणि तो आकडा लिहिताना तिनाचे तीस झाले असतील, तर कथा त्या दिवशी पाठवू नका.